सव्वादोन लाखांत दहा लाखांचा आवाज?

प्रश्न : पुण्यात राहणारे पंचेचाळिशीचे एक वाचक लिहितात. नोकरी स्थिर आहे, घराचं कर्ज फिटलं आहे. ऐकण्यात मुख्यतः ख्यालगायन, नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी. बरीच वर्षं वापरलेले लहान बुकशेल्फ स्पीकर आणि 50 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर अजून व्यवस्थित चालतात. आता युरोपातून उंच स्पीकरचं किट मागवायचं मनात आहे. त्यात डॅनिश ड्रायव्हर (स्पीकरमधले प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग), क्रॉसओव्हरचे (वरचे-खालचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणाऱ्या सर्किटचे) सगळे भाग आणि कॅबिनेटचा नकाशा मिळतो; कॅबिनेट इथे सुताराकडून करून घ्यायचं. जोडीची किंमत सुमारे 2,30,000 रुपये. मित्र म्हणतो, हे किट दहा लाखांच्या तयार स्पीकरला मागे टाकतं. दुकानदार म्हणतो, किटला पुढे कुणी गिऱ्हाईक मिळत नाही. पत्नीची पैशांना हरकत नाही, पण 10 बाय 12च्या खोलीत ते ठेवणार कुठे, असं त्या विचारतात. वाचकांनी हे किट कुठे ऐकलेलं नाही आणि सोल्डरिंग कधी केलेलं नाही. एवढे पैसे घातले तर ते कानाला कळतील का, हा त्यांचा प्रश्न.

उत्तर :

तुमच्या पत्रात तिघांची मतं आहेत. त्यांतलं मला सगळ्यात वजनदार वाटलं ते तुमच्या पत्नीचं. तुम्ही ते घरातल्या अडचणीसारखं, शेवटी, एका ओळीत लिहिलं आहे. पण स्पीकर कुठे ठेवणार हा आवाजाचाच प्रश्न आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

स्पीकरमधून निघणारे वरचे सूर समोर जातात, कारण कॅबिनेटचा पुढचा फळा त्यांना मागे जाऊ देत नाही. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात. त्या फळ्याला वळसा घालून मागेही पसरतात. फळा 20 सेंटिमीटर रुंद असेल तर हा बदल साधारण 500-600 हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो, आणि त्याखाली समोर पोचणारा आवाज हळूहळू 6 डेसिबलपर्यंत उतरतो. ही तूट भरून काढण्यासाठी डिझायनर क्रॉसओव्हरमध्येच वरचा आवाज तेवढा दाबून ठेवतो. हे करताना उंच स्पीकर भिंतीपासून सुटा, मोकळ्यावर उभा आहे असं बहुतेक वेळा धरलेलं असतं. तोच स्पीकर तुम्ही भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलात, तर मागे गेलेला खालचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि एकदा भरलेली तूट दुसऱ्यांदा भरली जाते. मग आवाज घुमायला लागतो, तबल्याचा डग्गा फुगतो, गवयाचा गळा जड वाटतो. किटमध्ये काहीही दोष नसताना हे होतं.

10 बाय 12च्या खोलीत उंच स्पीकर भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे आणायचे, तुम्ही बसाल ती जागाही मागच्या भिंतीपासून थोडी सुटी ठेवायची, म्हणजे खोलीत फक्त स्पीकर आणि तुम्हीच उरता. रोज स्पीकर पुढे ओढायचे आणि ऐकून झालं की मागे सरकवायचे, हे पहिले पंधरा दिवस होतं, नंतर होत नाही. त्यामुळे हे विशिष्ट किट या विशिष्ट खोलीत नेमकं कुठे उभं राहील, हे जमिनीवर खडूने आखून बघितल्याशिवाय पुढचा विचारच करू नका.

खोलीचं आणखी एक गणित आहे. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर साचतात. तुमच्या खोलीत 12 फुटांच्या दिशेने ते साधारण 47 हर्ट्‌झला, 10 फुटांच्या दिशेने 56ला आणि दोन्ही दिशा मिळून 73च्या आसपास साचतील. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69च्या जवळ बोलते. म्हणजे खर्ज नेमका अशा जागी येतो, की तो एका खुर्चीत घुमेल आणि दोन फुटांवरच्या खुर्चीत पातळ होईल. स्पीकर दोन लाखांचा असो वा वीस लाखांचा, या बाबतीत खोली दोघांनाही सारखंच वागवते.

यातून एक दिलासाही मिळतो. तुम्ही जे ऐकता त्यात 69च्या खाली फारसं काही नाही. डग्ग्याची घुमक, तंबोऱ्याचा खर्ज, हार्मोनियमचा मंद्र हे सगळं चांगला साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा ड्रायव्हर, योग्य कॅबिनेटमध्ये सहज देतो. मोठे वूफर लागतात ते पाइप ऑर्गनला, सिनेमातल्या स्फोटांना, नाहीतर दिवाणखाना मोठा असेल तर. शिवाय तंबोऱ्याचं खरं सौंदर्य जवारीने उठणाऱ्या उपस्वरांत असतं. ते शेकडो हर्ट्‌झपासून दोन-तीन हजारांच्याही वर जातात, आणि याच पट्ट्यात कुठेतरी वूफर आपलं काम ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या ड्रायव्हरच्या, हाती सोपवतो. तुमच्या कानाला पैसे कळायचे असतील तर ते इथे कळतील.

आता किमतीकडे येऊ. 2,30,000 हा आकडा तुमच्या डोक्यात पक्का बसला आहे, पण तो तिकडच्या दुकानातला आकडा आहे. जोडीचं वजन बघता विमान-भाडं आणि विमा मिळून वीस हजार धरा. त्या सगळ्यावर आयात शुल्क, अधिभार आणि जीएसटी लागेल. हिशेबासाठी 40 टक्के धरून चला आणि त्या दिवशीचा नेमका दर कस्टम एजंटकडून लेखी घ्या. म्हणजे साडेतीन लाख घराच्या दारात. चांगला प्लाय, वीनियर, राउटरचं काम आणि पॉलिश मिळून कॅबिनेटला पन्नास हजार, हा माझा अंदाज. एकूण चार लाख. अ‍ॅम्प्लिफायरही बघा. किटची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते माप, 84 डेसिबल असेल आणि तुमचे आताचे स्पीकर 90चे असतील, तर तेवढाच मोठा आवाज काढायला चौपट वॅट लागतात. त्यातून किटचा अवरोध (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) मधेच 3 ओहमपर्यंत उतरत असेल, तर जुना 50 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर दमेल आणि आणखी एक खर्च उभा राहील. तेव्हा तुमचा खरा प्रश्न चार-साडेचार लाखांचा आहे. या पैशांत चांगल्या कंपन्यांचे तयार स्पीकर दुकानात बसून, ऐकून घेता येतात.

‘दहा लाखांच्या तोडीचं’ हे मित्राचं म्हणणं बहुधा ड्रायव्हरवरून आलं असणार. अमुक महागड्या स्पीकरमध्ये याच कंपनीचा ट्वीटर आहे आणि किटमध्येही तोच आहे, मग आवाज तोच. यात काही अंशी तथ्य आहे. तयार स्पीकरच्या किमतीत विक्रेत्याचा नफा, वितरकाचा नफा, जाहिरात, कॅबिनेटची लकाकी आणि भलं मोठं पॅकिंग असतं. किटमध्ये यातलं बरंच वगळलेलं असतं. पण दुसरी बाजूही आहे. मोठी कंपनी ते ड्रायव्हर घाऊक दरात घेते, तुम्ही नग-दराने घेता. नमुना बनवणं, मोजणं, मोडणं, पुन्हा बनवणं याचा खर्च ती हजारो जोड्यांवर वाटते. म्हणून मधल्या किमतीच्या किटमध्ये जी बचत ठळकपणे हाती येते, ती वरच्या किमतीत, विशेषतः आपल्याकडचं आयात शुल्क भरल्यावर, बरीच विरते. माझं मत स्पष्ट आहे : भारतात बसून किट घ्यायचंच असेल तर महागड्या टोकाला सर्वांत कमी फायदा आहे.

महाग ड्रायव्हरमध्ये खरोखर काय मिळतं, हेही सांगायला हवं, कारण ते थोतांड नव्हे. चुंबकाच्या आत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या घालून आवाजातली विकृती कमी केलेली असते. कोन लांबवर हलला तरी त्याची चाल सरळ राहते. बेरिलियमचा घुमट असलेल्या ट्वीटरचा कंप आपल्या कानाच्या कक्षेपलीकडे जातो. पण हे फायदे मुख्यतः मोठ्या आवाजात आणि मोठ्या खोलीत उघड होतात. सात-आठ फुटांवर बसून रात्री साडेनऊला, शेजारच्या फ्लॅटमध्ये परीक्षेचा अभ्यास चालू असताना तुम्ही जेवढ्या आवाजात ऐकाल, तेवढ्यात मधल्या किमतीचा चांगला ड्रायव्हरही फारशी विकृती करत नाही. आणि काही महाग ड्रायव्हर अवघड असतात. सिरॅमिक किंवा धातूचा ताठ कोन त्याच्या कामाच्या पट्ट्यात निर्मळ वाजतो, पण त्याच्या वर एका ठिकाणी घंटेसारखा किणकिणतो. क्रॉसओव्हरने तो सूर नेमका छाटला नाही तर तार षड्‌ज टोचायला लागतो. तंबोरा एका पट्टीत आणि तबला दुसऱ्या पट्टीत लावला, तर दोन्ही वाद्यं कितीही उत्तम असली तरी मैफल बसत नाही. ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हरचं तसंच आहे.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीचा एलएस3/5ए. 1970च्या दशकात बाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी, व्हॅनमध्ये बसेल असा हा छोटा स्पीकर बीबीसीच्या अभियंत्यांनी बनवला. आतले केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर त्या काळी सहज मिळणारे होते. कॅबिनेट पातळ बर्च प्लायचं, त्याला आतून कंप शोषणारा जाड थर. सगळी मेहनत क्रॉसओव्हरवर घेतलेली. एवढ्याशा स्पीकरच्या मानाने त्यात भाग पुष्कळ. माणसाचा गळा माणसासारखा ऐकू यावा हे उद्दिष्ट होतं, आणि आज पन्नास वर्षांनीही लोक त्याच्या प्रतिकृती आणि किट घेतात. दुसरं उदाहरण सीगफ्रीड लिंकविट्झ यांचं. ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये अभियंता होते. त्यांच्या आणि रस रायली यांच्या नावाने ओळखला जाणारा क्रॉसओव्हर 1976पासून स्पीकरच्या जगात रूढ झाला. पुढे त्यांनी घरी बनवणाऱ्यांसाठी नकाशे दिले, आणि त्यांच्या एलएक्समिनी या स्पीकरचं कॅबिनेट चक्क प्लॅस्टिकच्या पाइपचं आहे. ड्रायव्हर नॉर्वेच्या सीअस कंपनीचे, मध्यम किमतीचे. त्यात पैसा नाही तर विचार ओतलेला आहे, आणि ते कानाला कळतं.

किट विकणारे अनेकदा एकाच स्पीकरच्या दोन-तीन पायऱ्या देतात : साधे कपॅसिटर, वरचे कपॅसिटर, चांदीच्या पत्र्याचे कपॅसिटर. फरक कधी कधी तीस-चाळीस हजारांचा असतो. सगळ्यात खालची पायरी घ्या. ट्वीटरच्या वाटेवर चांगला पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर असला, मूल्य नेमकं असलं आणि कॉइलचा रोध डिझायनरने सांगितला तेवढाच असला की काम झालं. उरलेल्या पैशांचा जाड गालिचा आणा आणि मोकळ्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट लावा. व्हिट्रिफाइड टाइल, काचेचं सरकतं दार आणि कोरी भिंत असलेल्या आपल्या खोल्यांना त्याने जो फरक पडतो, तो दारातून आत येणाऱ्या पाहुण्यालाही ऐकू येतो.

तुम्ही किट ऐकलेलं नाही, ही पत्रातली सगळ्यात चिंतेची ओळ. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी 1990च्या दशकात काही स्पीकर लोकांना पडद्याआड आणि डोळ्यांदेखत अशा दोन्ही प्रकारे ऐकवले. डोळ्यांना दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त दिसणाऱ्याचे घटले. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. स्वतः महिनाभर खपून बनवलेला, चार लाखांचा स्पीकर तुम्ही ऐकाल तेव्हा तुमच्याकडून तटस्थ निकालाची अपेक्षा करणंच चूक आहे, आणि तुमच्या मित्राकडूनही. म्हणून ऐकायचं ते घेण्याआधी.

हे किट किंवा याच डिझायनरचं दुसरं एखादं किट पुण्या-मुंबईत, बंगळुरूत कुणी बनवलं आहे का, हे विक्रेत्यालाच विचारा. बनवणारी माणसं आनंदाने ऐकवतात. जाताना आपल्या सवयीचं ध्वनिमुद्रण न्या, पण सगळंच चकचकीत नको. जुन्या 78च्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांत अगदी वरचे सूर मुळातच फारसे नसतात. तिथे महागडा ट्वीटर नवं काही काढून दाखवू शकत नाही, उलट खरखर मात्र पुढे आणू शकतो. तुमच्या ऐकण्याचा मोठा भाग असाच असेल तर हे लक्षात घ्या. मात्र एका परीक्षेसाठी हेच मुद्रण उत्तम. मोनोतला एखादा गायक लावा आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसा. गळा मधोमध, एका जागी, मूठभर आकाराचा उभा राहिला पाहिजे. तो पसरट झाला किंवा काही सुरांना डावीकडे सरकला, तर दोन्ही स्पीकर एकसारखे जुळलेले नाहीत किंवा खोलीची एक बाजू उघडी आहे. घरी आताच्या स्पीकरवरही हे करून बघा. मग तंबोऱ्याचं स्वच्छ मुद्रण लावा आणि उभे राहा, बसा. उपस्वरांचा रंग खूप बदलला तर दोन ड्रायव्हरची सांधेजोड उंचीप्रमाणे बिघडते आहे.

मग करायचं काय? पहिले दोन महिने काहीही मागवू नका. मोजायचा एक यूएसबी मायक्रोफोन घ्या. सोबत त्याची कॅलिब्रेशन फाइल (त्या मायक्रोफोनच्या मोजण्यातली चूक दुरुस्त करणारी) मिळते ना, ते पाहून. रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम फुकट आहे. त्यात तुमच्या खोलीत कुठला सूर किती मोठा येतो याचा आलेख काढा, स्पीकर अर्धा-अर्धा फूट सरकवून पुन्हा काढा. लोखंडी कपाट कुठल्या सुराला थरथरतं तेही सापडेल. मला वाटतं, नव्या स्पीकरची तुमची निम्मी गरज इथेच मिटेल, आणि मिटली नाही तर काय कमी आहे ते तुम्हाला आकड्यांत सांगता येईल.

तरीही हाताने बनवायची ओढ असेल, तर ती मी मनापासून उचलून धरतो. आपल्या हाताने सोल्डर केलेल्या क्रॉसओव्हरमधून पहिल्यांदा गळा उमटतो तो आनंद दुकानात मिळत नाही. पण सुरुवात लहान किटने करा. साडेपाच-साडेसहा इंची वूफर, एक इंची डोम ट्वीटर, स्टँडवर ठेवायचा दुपदरी स्पीकर. एसबी अकूस्टिक्ससारख्या कंपनीचे, इंडोनेशियात बनणारे ड्रायव्हर दर्जाने चांगले आणि किमतीने सोसणारे आहेत. कॅबिनेटसकट लाखाच्या बऱ्याच आत काम होईल. आधी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सोल्डरिंग गन नव्हे, तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न आणि सुटे भाग आणून हात बसवा. क्रॉसओव्हर जोडताना दोन कॉइल शेजारी-शेजारी एकाच दिशेने झोपवू नका. एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. एक आडवी, एक उभी, मध्ये अंतर.

सुताराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पैसे इथे वाया जातात. आपले सुतार सुतात मोजतात, आणि एक सूत म्हणजे जवळजवळ 3 मिलिमीटर. स्पीकरच्या नकाशात ट्वीटरची कड फळ्यात 4 मिलिमीटर खोल बसवायची असते, फळ्याशी सपाट. ती दीड मिलिमीटर वर राहिली तर वरच्या सुरांच्या लाटा त्या कडेवरून उसळतात. म्हणून पुढचा फळा सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कापून घ्या. फाइल तयार करून दिली की पुण्यात ते काम सहज होतं. बाकीचं सुताराकडे द्या. वूफरच्या भोकाची मागची कड आतून तिरकी तासायला सांगा, नाहीतर 18 मिलिमीटरच्या प्लायमध्ये वूफरचा श्वास कोंडतो. सांधे हवाबंद हवेत. साधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा) कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कडेने फुगतो. पुण्यात चालेल, पण सगळ्या कडा सील करून.

दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. किट विकायला काढलं तर ड्रायव्हरचे पैसे येतील, तेही अर्धेमुर्धे. कॅबिनेटचे काही नाही. पुढे-मागे विकण्याचा विचार मनात असेल तर चांगल्या कंपनीचा डेमोत वापरलेला तयार स्पीकर घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

लहान किट बनवून, वर्षभर ऐकून, खोली मोजून झाल्यावरही मोठ्याची इच्छा टिकली तर जरूर घ्या. पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागा : समोरून आणि बाजूच्या 30 व 60 अंशांतून घेतलेले आलेख, अवरोधाचा आलेख, भिंतीपासून किमान किती अंतर लागतं, आणि ड्रायव्हर वाटेत फुटला तर परत पाठवण्याचं भाडं कुणी भरायचं. आपल्या खोलीचा मापांसह नकाशा सोबत जोडा आणि हा स्पीकर तिथे चालेल का, असं सरळ विचारा. प्रामाणिक डिझायनर अशा खोलीसाठी कित्येकदा आपलंच लहान, स्वस्त किट सुचवतो. आलेख नाहीत, कानांवर विश्वास ठेवा, असं उत्तर आलं तर तिथून काही घेऊ नका.